प्रोटॉनचा स्पिन येतो कुठून? क्वार्कच्या मॉडेलची गोष्ट, कॅल्क्युलेटरसह

मागच्या वर्षी आईच्या गुडघ्याचा एमआरआय करायचा होता. आई आत मशीनमध्ये आणि मी बाहेर बाकावर. वेळ जाईना, म्हणून एमआरआय कसा चालतो ते मोबाईलवर वाचत बसले. आपल्या शरीरात भरपूर पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे आणि हायड्रोजनच्या अणूचं केंद्र म्हणजे एकच प्रोटॉन. प्रत्येक प्रोटॉन हा एक अतिशय छोटा चुंबक असतो, कारण त्याला स्पिन असतो. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये हे प्रोटॉन सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडं खाली. त्या प्रतिसादातून गुडघ्याचं चित्र तयार होतं.

इथपर्यंत ठीक होतं. मग डोक्यात प्रश्न आला, की प्रोटॉनला हा स्पिन मिळतो कुठून? बारावीत शिकलेलं उत्तर तयार होतं: प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क असतात, त्यांचे स्पिन मिळून प्रोटॉनचा स्पिन होतो. घरी येऊन नीट वाचलं तेव्हा कळलं, की हे उत्तर अर्धवट आहे आणि पूर्ण उत्तराचा शोध चाळीसेक वर्षं चालू आहे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनीअर, भौतिकशास्त्रज्ञ नाही. पण यात मॉडेल, सिम्युलेशन, डेटा फिटिंग सगळंच आहे, त्यामुळे हा विषय मला जवळचा वाटला. जे समजलं ते इथे सोप्या भाषेत मांडते.

## आधी थोडी ओळख

न्यूक्लिऑन: प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या दोघांचं मिळून एक नाव.

क्वार्क: न्यूक्लिऑनच्या आतले कण. १९६४ मध्ये मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. प्रोटॉनमध्ये दोन 'अप' आणि एक 'डाउन' क्वार्क, न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाउन. अपचा विद्युतभार +२/३ आणि डाउनचा −१/३.

ग्लुऑन: क्वार्कना एकमेकांशी बांधून ठेवणारे कण. गोंद या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून हे नाव पडलं.

स्पिन: कणाचा स्वतःचा, जन्मजात कोनीय संवेग. भोवऱ्याची आठवण होते, पण कण खरोखर भोवऱ्यासारखा गरगरत नसतो. प्रोटॉनचा स्पिन १/२, क्वार्कचाही १/२. ग्लुऑनचा १.

प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर आहे. एक फेम्टोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख तुकडे करा, मग त्यातल्या एका तुकड्याचे परत दहा लाख तुकडे करा, त्यातला एक.

## पहिलं मॉडेल: तीन क्वार्क, बाकी काही नाही

सगळ्यात साधं मॉडेल असं: तीन क्वार्क शांतपणे एकत्र बसलेत, कुणी कुणाभोवती फिरत नाही. प्रोटॉनचा स्पिन 'वर' आहे असं धरू. क्वांटम नियमांप्रमाणे तीनातून एक अप आणि एक डाउन जोडीने कसे बसतील याची शक्यता ठरते:

- तीनपैकी दोन वेळा: दोन्ही अप 'वर', डाउन 'खाली'.
- तीनपैकी एक वेळा: दोन अप एकमेकांविरुद्ध, म्हणून त्यांची बेरीज शून्य, आणि डाउन 'वर'.

'वर' असलेल्या क्वार्कला +१ आणि 'खाली' असलेल्याला −१ गुण देऊ. आता मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा.

अपचा वाटा: (२/३ × २) + (१/३ × ०) = ४/३
डाउनचा वाटा: (२/३ × −१) + (१/३ × १) = −१/३
एकूण: ४/३ − १/३ = १

म्हणजे प्रोटॉनचा १०० टक्के स्पिन क्वार्कच्या स्पिनमधूनच आला. आता हे मॉडेल तपासायचं कसं? चुंबकावरून. क्वार्कच्या चुंबकाची ताकद त्याच्या विद्युतभाराच्या प्रमाणात असते, म्हणून अपला २ आणि डाउनला −१ धरू.

प्रोटॉन: (४/३ × २) + (−१/३ × −१) = ८/३ + १/३ = ३
न्यूट्रॉन (इथे अप आणि डाउन जागा बदलतात): (४/३ × −१) + (−१/३ × २) = −२

दोन्हींचं गुणोत्तर ३ भागिले −२, म्हणजे −१.५. प्रयोगात मोजलेले आकडे आहेत प्रोटॉनसाठी २.७९३ आणि न्यूट्रॉनसाठी −१.९१३. गुणोत्तर −१.४६. फरक फक्त तीन टक्क्यांच्या आसपास!

एका रविवारी मी हाच हिशोब पायथनमध्ये लिहिला. उत्तर स्क्रीनवर आलं तेव्हा खरंच भारी वाटलं. चार ओळींच्या गणितातून विश्वाबद्दलचा एक मोजलेला आकडा बाहेर येतो. मी मैत्रिणीला स्क्रीनशॉटसुद्धा पाठवला. आमच्या कामात म्हणतात तसं, टेस्ट पास झाली होती.

## दुसऱ्या टेस्टमध्ये गडबड

कोडची एक टेस्ट पास झाली म्हणून कोड बरोबर आहे असं होत नाही, हे मी ऑफिसात एकदा चांगलंच शिकले आहे. एका हिशोबाच्या मोड्यूलमध्ये दोन चुका होत्या, पण त्या एकमेकींना खोडत होत्या. टेस्ट हिरवी, सगळे खूश. खऱ्या डेटावर मात्र आकडे चुकले आणि शोधण्यात आमचा आठवडा गेला.

इथेही तसंच आहे. दुसरी टेस्ट बघा. न्यूट्रॉन मोकळा असला की काही मिनिटांत त्याचं रूपांतर प्रोटॉनमध्ये होतं. त्याला बीटा क्षय म्हणतात. हा क्षय किती वेगाने होतो यात एक आकडा येतो, आणि तो आकडा म्हणजे अपचा वाटा वजा डाउनचा वाटा.

आपल्या मॉडेलप्रमाणे: ४/३ − (−१/३) = ५/३ = १.६७
प्रत्यक्षात: सुमारे १.२७

फरक छोटा नाही. म्हणजे क्वार्कचे स्पिन एकमेकांच्या तुलनेत जुळतात, पण प्रत्यक्ष प्रमाण मॉडेल सांगतं त्यापेक्षा कमी आहे. काहीतरी सुटलंय याचा इशारा इथेच होता.

काय सुटलंय त्याचा एक भाग सोपा आहे. एखादा कण इतक्या छोट्या जागेत कोंडला, की क्वांटम नियमांमुळे तो शांत बसूच शकत नाही. प्रोटॉनइतक्या जागेत कोंडलेल्या क्वार्कला त्याच्या स्वतःच्या वस्तुमानाच्या कितीतरी पट ऊर्जेची हालचाल करावीच लागते. म्हणजे तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळतो. 'शांत बसलेले तीन क्वार्क' हे गृहीतकच चुकीचं.

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 'बॅग मॉडेल' तयार झालं. यात क्वार्क एका बुडबुड्यासारख्या पिशवीत मोकळे पळतात, पण पिशवीबाहेर जाऊ शकत नाहीत. असं वेगाने पळणाऱ्या क्वार्कच्या बाबतीत कोनीय संवेगाचा काही भाग स्पिनमध्ये न राहता फिरण्यात जातो. या मॉडेलमध्ये क्वार्कच्या स्पिनचा वाटा १०० वरून साधारण ६५ टक्क्यांवर येतो. त्याच वर्षी जॉन एलिस आणि रॉबर्ट जॅफी यांनी वेगळ्या वाटेने केलेला अंदाजही ६० टक्क्यांच्या जवळ होता. सगळ्यांना वाटलं, चला, गणित जमत आलं.

## सर्नचा धक्का

१९८० च्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत युरोपियन म्युऑन कोलॅबरेशन, म्हणजे ईएमसी, या गटाने हे थेट मोजलं.

पद्धत अशी. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. त्यांनी म्युऑनचा असा झोत घेतला ज्यात बहुतेकांचे स्पिन एकाच दिशेला होते. समोर गोठवलेल्या अमोनियाचं लक्ष्य ठेवलं, ज्यातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनचे स्पिन चुंबक आणि अतिथंड तापमान वापरून एका दिशेला लावले होते. म्युऑन आत घुसून एखाद्या क्वार्कवर आपटतो आणि वळतो. क्वार्कचा स्पिन कोणत्या दिशेला आहे यावर आपटण्याची शक्यता थोडी बदलते. मग प्रोटॉनचा स्पिन एकदा म्युऑनच्या दिशेने आणि एकदा उलट ठेवून किती म्युऑन वळले ते मोजायचं. दोन्हींतला फरक सांगतो, की प्रोटॉनच्या स्पिनच्या दिशेने नेमके किती क्वार्क उभे आहेत.

निकाल १९८७-८८ मध्ये आला. क्वार्कच्या स्पिनचा वाटा: सुमारे १२ टक्के. आणि मोजमापातली अनिश्चितता इतकी, की तो शून्यही असू शकला असता.

अपेक्षा ६० ची, हाती १२. भौतिकशास्त्रात याला 'स्पिन क्रायसिस', म्हणजे स्पिनचं संकट, असं नाव पडलं. पुढे सर्नमधले एसएमसी आणि कंपास, जर्मनीतला हर्मिस, अमेरिकेतल्या स्लॅक आणि जेफरसन लॅबमधले प्रयोग यांनी जास्त अचूक मोजमापं केली. आज हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास मानला जातो. शून्य नाही हे कळलं, पण ६० सुद्धा नाही.

## मग बाकीचं कोण देतं?

यासाठी प्रोटॉनचं चित्रच बदलावं लागतं. खरं तर सुगावे आधीपासून होते.

पहिला सुगावा वस्तुमानाचा. दोन अप आणि एक डाउन यांच्या वस्तुमानाची बेरीज ९ एमईव्हीच्या आसपास. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही. म्हणजे तीन क्वार्कचं वस्तुमान जेमतेम एक टक्का, उरलेलं सगळं आतल्या हालचालीच्या आणि बांधून ठेवणाऱ्या बलाच्या ऊर्जेतून येतं.

दुसरा सुगावा संवेगाचा. १९६८ च्या सुमारास स्लॅकमध्ये इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आपटवले तेव्हा आत टणक बिंदूंसारखं काहीतरी आहे हे दिसलं. (या कामाला १९९० चं नोबेल मिळालं.) रिचर्ड फाइनमन यांनी या बिंदूंना 'पार्टॉन' म्हटलं आणि प्रत्येक पार्टॉन प्रोटॉनच्या संवेगाचा किती हिस्सा घेऊन पळतो असा हिशोब मांडला. सगळ्या क्वार्कचा हिस्सा एकत्र केला तर तो जेमतेम निम्मा भरला. उरलेला निम्मा ग्लुऑनकडे होता.

मोबाईलवर फोटो खूप झूम केला की चौकोनी ठिपके दिसायला लागतात, नवीन काही दिसत नाही. प्रोटॉनचं उलट आहे. जितक्या जास्त ऊर्जेने बघाल, तितके जास्त कण दिसतात. क्वार्क ग्लुऑन सोडतात, ग्लुऑनमधून क्वार्क आणि प्रतिक्वार्कची जोडी होते, ती परत विरते. जर्मनीतल्या हेरा या कोलायडरने १९९० च्या दशकात दाखवलं, की संवेगाचा फार छोटा हिस्सा घेतलेले ग्लुऑन अक्षरशः गर्दी करून असतात. 'तीन क्वार्क' म्हणजे या गर्दीतून सगळं वजा जाता उरणारी शिल्लक.

त्यामुळे स्पिनचा हिशोब आता चार खात्यांत लिहितात. १९९० मध्ये जॅफी आणि अनीश मनोहर यांनी तो असा मांडला:

१/२ = क्वार्कचे स्पिन + ग्लुऑनचे स्पिन + क्वार्कचं फिरणं + ग्लुऑनचं फिरणं

बेरीज १/२ च असली पाहिजे. चारही खाती भरणं हे काम.

## आज हे मॉडेल कसं करतात?

१. डेटावरून शिकणं. प्रोटॉनमध्ये संवेगाचा अमुक हिस्सा घेतलेला क्वार्क सापडण्याची शक्यता किती, याचा आलेख बनवतात. तो सिद्धांतातून थेट काढणं अवघड, म्हणून हजारो मोजमापं घेऊन त्यावर वक्र बसवतात. एनएनपीडीएफ नावाचा गट यासाठी न्यूरल नेटवर्क वापरतो, तेच जे तुमच्या फोनचा कॅमेरा चेहरा ओळखायला वापरतो. मला यातली एक गोष्ट फार आवडली. ते एकच उत्तर देत नाहीत. डेटामध्ये त्याच्या अनिश्चिततेइतके छोटे बदल करून शंभरेक वेगवेगळी नेटवर्क शिकवतात. जिथे सगळ्यांचे वक्र एकमेकांवर बसतात तिथे भरवसा. जिथे फाटे फुटतात तिथे डेटा कमी आहे, हे चित्रातच दिसतं.

२. जाळीवरचं गणित. याला लॅटिस क्यूसीडी म्हणतात. १९७४ मध्ये केनेथ विल्सन यांनी ही पद्धत सुचवली. अवकाश आणि काळ यांची चौकटीची वही करायची, बिंदूंवर क्वार्क आणि बिंदूंना जोडणाऱ्या रेघांवर ग्लुऑन ठेवायचे, आणि सुपरकॉम्प्युटरवर यादृच्छिक नमुने काढून सरासरी घ्यायची. ६४ × ६४ × ६४ × १२८ अशी जाळी घेतली तर ३.३५ कोटी बिंदू होतात. २००८ मध्ये या पद्धतीने प्रोटॉनचं वस्तुमान काही टक्क्यांच्या अचूकतेने निघालं. २०१७ मध्ये क्वार्कची खरी वस्तुमानं घेऊन स्पिनच्या वाट्यांचा हिशोब झाला, त्यात क्वार्कच्या स्पिनचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास आला. प्रयोगाच्या बराच जवळ, आणि कुठलाही वक्र न बसवता.

एक मर्यादा लक्षात ठेवा. गणित जमावं म्हणून लॅटिसमध्ये काळ 'काल्पनिक' धरतात. त्यामुळे क्वार्क कसा पळतो याचा व्हिडिओ त्यातून मिळत नाही. सरासरी आकडे मिळतात.

३. सोपी चित्रं. बॅग मॉडेलसारखी मॉडेल्स आजही वापरतात. उदाहरणार्थ, एका क्वार्कवर लक्ष ठेवायचं आणि उरलेले दोन मिळून एकच कण धरायचा. आकडे तंतोतंत येत नाहीत, पण कुठल्या परिणामामागे कुठलं कारण आहे हे कळायला ही चित्रं उपयोगी पडतात.

## आडवी हालचाल

आतापर्यंतचा हिशोब एकाच दिशेचा होता: प्रोटॉन पुढे पळतोय आणि क्वार्क त्याच्याबरोबर पुढे. पण 'फिरणं' मोजायचं तर क्वार्क आडवा कुठे आहे आणि आडवा किती पळतो हे दोन्ही लागतं.

१९९० मध्ये डेनिस सिव्हर्स यांनी सुचवलं, की प्रोटॉनचा स्पिन वर असेल तर आतले क्वार्क डावीकडे आणि उजवीकडे सारखेच झुकतील असं नाही. २००५ मध्ये हर्मिसने हा कल प्रत्यक्ष मोजला. क्वार्कचं फिरणं नसेल तर हा परिणाम समजावणं अवघड आहे. दुसरीकडे १९९७ मध्ये शियांगडोंग जी यांनी दाखवलं, की एका खास प्रकारच्या टकरीतून, ज्यात प्रोटॉन न फुटता फक्त प्रकाशाचा एक कण बाहेर पडतो, क्वार्कचा एकूण कोनीय संवेग काढता येऊ शकतो. जेफरसन लॅबमध्ये अशा टकरी मोजल्या जातात.

## आजपर्यंत भरलेली खाती

- क्वार्कचे स्पिन: सुमारे ३० टक्के. अप प्रोटॉनच्या दिशेने, डाउन उलट. दिशा आपल्या साध्या मॉडेलने बरोबर सांगितली होती.
- ग्लुऑनचे स्पिन: अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या रिक कोलायडरमध्ये स्पिन लावलेले प्रोटॉन एकमेकांवर आपटवले. २०१४ च्या विश्लेषणात, संवेगाचा पाच टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेल्या ग्लुऑनचा वाटा सुमारे ४० टक्के निघाला. पाच टक्क्यांखालच्या गर्दीचं खातं अजून जवळपास कोरं आहे.
- फिरणं: आहे हे नक्की, पण अचूक आकडा नाही.

ही कोरी खाती भरायला ब्रुकहेवनमध्येच इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर उभारण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला. रिकच्याच ३.८ किलोमीटरच्या बोगद्यात, स्पिन लावलेले इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन आपटवायचे. तो २०३० च्या दशकात सुरू करायची योजना आहे. भारतातले गटही त्यात आहेत. आपल्या मुंबईत टीआयएफआरमध्ये लॅटिस क्यूसीडीवर आणि आयआयटी मुंबईत न्यूक्लिऑनच्या आतल्या रचनेवर संशोधन होतं. इंजिनीअरिंग किंवा बीएस्सी करणाऱ्यांनी ही दारं माहीत असू द्यावीत. प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांची या क्षेत्रात कायम गरज असते.

## नेहमीचे तीन गैरसमज

"प्रोटॉनचा स्पिन किती हेच माहीत नाही." माहीत आहे. तो १/२ आहे, त्यात शंका नाही. वाटणी कशी होते एवढाच प्रश्न आहे.

"मग एमआरआयवर विश्वास कसा ठेवायचा?" एमआरआयला प्रोटॉनचा एकूण स्पिन आणि चुंबकाची ताकद लागते. दोन्ही अतिशय अचूक मोजलेले आहेत. आतला हिशोब अपुरा असला तरी रिपोर्टवर फरक पडत नाही.

"तीन क्वार्कचं मॉडेल चुकीचं, टाकून द्या." नको. विद्युतभार, चुंबकाचं गुणोत्तर, अप-डाउनची दिशा या गोष्टी ते आजही बरोबर सांगतं. कुठे वापरायचं आणि कुठे थांबायचं हे कळलं म्हणजे झालं.

## थोडक्यात

साध्या मॉडेलने एक आकडा तीन टक्क्यांच्या फरकाने बरोबर दिला, आणि तरीही ग्लुऑन, क्वार्कची हालचाल, आतली सगळी गर्दी त्यातून सुटली होती. दुसरी टेस्ट लावली तेव्हा शंका आली आणि तिसरी लावली तेव्हा संकट. माझ्या त्या पायथनच्या फाईलमध्ये मी आता बीटा क्षयाची टेस्टही जोडली आहे. ती दर वेळी लाल येते, १.६७ विरुद्ध १.२७. मी ती तशीच ठेवली आहे. तुम्हीही वरचे दोन्ही हिशोब कॅल्क्युलेटरवर करून बघा, पाच मिनिटं लागतात.

आईचा गुडघा आता बरा आहे. तिला सांगितलं, की तुझ्या गुडघ्यातल्या प्रोटॉनचा हिशोब अजून लागायचाय. ती म्हणाली, "आधी एमआरआयच्या बिलाचा लाव."